दरवानाची फट

फोनला बटणं होती, त्या काळची गोष्ट. अशाच एका फोनमधल्या नखाएवढ्या चिपवर दोन आळ्या होत्या. खालच्या आळीत विजेचा दाब कमी, म्हणून तिथले लोक हळू बोलत. वरच्या आळीत दाब जास्त, तिथे सगळा आरडाओरडा. मधल्या दारावरचा दरवान खालचा निरोप मोठ्याने वर सांगायचा.

हल्ली फोनची बॅटरी उगाचच उतरू लागली होती.

"खालचेच चोर!" दरवान म्हणाला. "मनात काळंबेरं नसेल तर इतकं हळू कशाला बोलतील?"

खालून "दार लाव" असा निरोप आला, तरी तो पाळतीसाठी फट ठेवायचा. बॅटरी आणखी उतरली. मग त्याने आणखी दरवान आणले. प्रत्येकाचं दार वेगळं, फट वेगळी. आळीत उभं राहायला जागा उरेना.

बॅटरी क्षीण आवाजात म्हणाली, "अरे, वीज जाते कुठून?"

"फटीतून."

"मग फट कशाला?"

"चोर दिसायला!"

"मी संपले तर तुम्ही सगळेच संपाल. एकदा खालच्यांचं ऐकून दार घट्ट लाव."

त्याने कुरकुरत आपलं दार लावलं, बाकीच्यांनाही लावायला सांगितलं. गळती थांबली. जादा दरवान गेले, आळी मोकळी झाली.

दरवान मात्र अजून दाराला कान लावून बसतो. म्हणतो, "चोर पक्का हुशार. मी दार लावायला आणि तो पळायला एकच गाठ पडली!"