वाल्देमिर, जुवेन्सियु आणि झुल्मिराबाईंचा फ्रीज

"पण चुकलं कुठे, मेस्त्रे?"

वाल्देमिरने तिसऱ्यांदा विचारलं. मेस्त्रे आंब्रोझियु अंगणात शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक शेंग सोलली. दुसरी सोलली...

"तबकडी पुन्हा लावू का?"

"नको. एकदा ऐकली."

पोर्तुगीजमध्ये मेस्त्रे म्हणजे गुरू. आपला मिस्त्री हा त्याच शब्दाचा भाऊबंद, आणि आंब्रोझियु दोन्ही होते. रिओच्या उत्तरेला एका टेकडीच्या पायथ्याशी ते राहत. दिवसा लोकांच्या भिंती बांधल्या आणि संध्याकाळी शिष्यांना सांबाचा ठेका शिकवला, यातच त्यांचा जन्म गेला.

त्यातल्या सात शिष्यांनी मिळून 'सेते कारांबोलास' नावाचा बँड काढला. म्हणजे सात करंबळं. सांबाच्या ठेक्यावर त्यांनी अमेरिकेतल्या सोल संगीताची आर्त गायकी चढवली आणि एके काळी सारा देश नाचवला. मग एका तबकडीच्या कव्हरवर कोणाचं तोंड मोठं छापायचं यावरून गायक वाल्देमिर आणि बेस गिटार वाजवणारा जुवेन्सियु यांची जुंपली. बँड मोडला.

एकतीस वर्षं दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

आता सातांतले चार उरले होते. ढोल वाजवणाऱ्याचा हात थरथरू लागला होता. पुढच्या वर्षी त्याला काठी धरता येईल की नाही, कोण जाणे. म्हणून चौघांनी ठरवलं, मरायच्या आधी एक अल्बम करायचा. सोमवारी वाल्देमिर स्टुडिओत जाऊन गायला. मंगळवारी जुवेन्सियु येऊन वाजवून गेला. बाकीच्या दोघांनी बुधवार घेतला. सगळं यंत्राने जोडलं.

"एक सूर इकडचा तिकडे नाही, मेस्त्रे! अडुसष्टाव्या वर्षी असा आवाज दाखवा कोणाचा! तरीपण..."

वाल्देमिरने अंगणाच्या टोकाला पाहिलं. टेकडीवरच्या दोना झुल्मिरा, म्हणजे झुल्मिराबाई, ऊन चांगलं म्हणून कपडे इथेच वाळत घालत. पूर्वी कारांबोलास लागले की या बाईंच्या हातातलं काम गळून पडायचं. आज चाळीस मिनिटांची तबकडी वाजून संपली, तेवढ्यात त्यांनी तीन बादल्या कपडे वाळत घातले होते. चिमट्यांसकट.

"कोणाचा पायच हलत नाही," वाल्देमिर पुटपुटला.

मेस्त्रेंनी टोपली बाजूला सारली. "जुवेन्सियु कुठंय?"

"बाहेर. माझ्या गाडीत."

"एकाच गाडीतून आलात?"

"मी चालवत होतो. तो मागे बसला होता, साहेबासारखा."

"बोलाव त्याला."

"मी?"

मेस्त्रेंनी मानेनेच दार दाखवलं.

वाल्देमिर बाहेर गेला आणि खिडकीतून हात घालून त्याने हॉर्न दाबला. आत डुलकी घेणारा जुवेन्सियु टपाला डोकं आपटून जागा झाला.

दोघे अंगणात येऊन उभे राहिले, मध्ये दोन हात अंतर सोडून. मेस्त्रेंनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एक नवाकोरा फ्रीज उभा होता. मग त्यांनी तेच बोट वर केलं. टेकडीवर, चौसष्ट पायऱ्यांवर, झुल्मिराबाईंचं घर होतं.

"मेस्त्रे, माझा गुडघा..." जुवेन्सियु म्हणाला.

"मेस्त्रे, मी चाळीस हजार लोकांपुढे गायलोय," वाल्देमिर म्हणाला.

मेस्त्रेंनी पुन्हा शेंगा घेतल्या.

वाल्देमिरने अर्थातच वरची बाजू धरली. त्यामुळे त्याला उलटं चढावं लागलं, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. आठ पायऱ्या दोघे नुसत्या भुवयांनी बोलले. नवव्या पायरीवर फ्रीज कलंडला.

"पाय!" जुवेन्सियु किंचाळला.

"कोणाचा?"

"तुझा रे, गाढवा!"

एकतीस वर्षांनंतरचं पहिलं बोलणं हे.

मग बांध फुटला. विसाव्या पायरीला कव्हरचा विषय निघाला.

"तुझं थोबाड एवढं मोठं छापलं, की माझा नुसता कान आला!"

"नशीब समज! उचल!"

"माझ्या आईने तो कान चौकटीत लावला! थांब!"

"लावू दे! उचल!"

"मेली ती! थांब!"

वाल्देमिर थांबला. घामाने त्याचे डोळे चुरचुरत होते. "मला कोणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"तू विचारलंस?" जुवेन्सियु म्हणाला. "उचल."

चाळिसाव्या पायरीच्या पुढे दोघांचा श्वास एका मापात पडायला लागला. उचल आणि थांब यांच्यामध्ये शिव्या नेमक्या बसत होत्या. वाल्देमिर वरून एक टाकायचा, जुवेन्सियु खालून ती ठेक्यात झेलायचा. वाल्देमिरचं तोंड अंगणाकडे होतं, म्हणून त्यालाच दिसलं... खाली झुल्मिराबाईंच्या हातातला चिमटा पडला होता, आणि बाईंची कंबर हलत होती.

फ्रीज ठेवून तो पायऱ्या जवळजवळ धावतच उतरला. मेस्त्रेंपुढे गुडघे टेकले.

"कळलं, मेस्त्रे! कळलं! ओझं एकट्याने उचलायचं नसतं! संगीत म्हणजे दोघांचा एक श्वास! केवढा मोठा धडा दिलात!"

मेस्त्रेंनी हातातली शेंग सोलून संपवली.

"धडा कसला?" ते म्हणाले. "बाईंचा जुना फ्रीज खाली आणायचा राहिलाय अजून."

तोही आणला.

पुढच्या सोमवारी चौघे एका खोलीत, एका मायक्रोफोनभोवती उभे राहिले. ढोलवाल्याचा हात थरथरला की बाकीचे त्याच्यासाठी थांबत आणि तिथून पुन्हा उचलत. पाच तास भांडण झालं, दोन तास गाणं. स्टुडिओतल्या माणसाने विचारलं, मधली बडबड कापू का? वाल्देमिरने जुवेन्सियुकडे पाहिलं. जुवेन्सियुने खांदे उडवले. बडबड राहिली.

महिन्याभराने दोघे नवी तबकडी घेऊन टेकडीच्या पायथ्याशी आले. या खेपेला जुवेन्सियु गाडीत पुढे बसला होता आणि वाटभर वाल्देमिरच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवत होता.

दुसऱ्या गाण्याला झुल्मिराबाई ओली चादर खांद्यावर टाकून नाचायला लागल्या. मेस्त्रे डोळे मिटून बसले होते. चौथ्या गाण्यात वाल्देमिर ओरडतो, "अरे, मला श्वास तरी घेऊ दे!" आणि जुवेन्सियु वाजवता वाजवता म्हणतो, "एकतीस वर्षं काय करत होतास?" तिथे मेस्त्रेंचं पोट हलताना दोघांनी पाहिलं.

तबकडी संपली. सुई नुसतीच खरखरत राहिली.

दोघे शाळेतल्यासारखे पुढे झुकले.

"कसं झालंय, मेस्त्रे?"

मेस्त्रेंनी डोळे उघडले. एकाकडे पाहिलं. दुसऱ्याकडे पाहिलं...

"भांडण सुरेख जमलंय," ते म्हणाले. "पण मधेमधे गाता कशाला?"