मातीची गादी

एका राज्यात त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं, ऊन कोवळं होतं, वारा पडलेला होता. साऱ्या नगरीची अंगणं खडखडीत सुकली होती. राजा सोनकेतूच्या परसात मात्र गुडघाभर पाणी.

तो शाप होता, बरं का. राजवाड्याचं सांडपाणी कुंपणाखालून शेजारच्या जाखोबा मांत्रिकाच्या चुलीत शिरायचं. त्यानं दोनदा सांगितलं, राजानं ऐकलं नाही. तिसऱ्यांदा जाखोबा म्हणाला, "तुझं पाणी तुझ्यापाशीच राहो. अन् तुझ्या परसातली भाजी राणीच्या पोटात जाईस्तोवर तिच्या तोंडून बेडूक बोलो."

तेव्हापासून राणी चंपावती नुसतं "डरांव" म्हणे. तिच्या बोलण्यावाचून राजाला घास गोड लागेना.

एके सकाळी कुंपणावरची साळुंकी म्हणाली, "राजा, पाण्याला वाट दे. मातीला गादी दे. पहिलं फळ शेजाऱ्याला दे."

राजानं कुदळ घेतली. चर खणत खणत कुंपणाशी आला.

"ही तर जुनीच वाट," साळुंकी म्हणाली.

राजा ओशाळला. चर वळवून उताराउतारानं ओढ्याला नेला, तळाशी गोटे अंथरले. पाणी निघून गेलं.

मग त्यानं दरबारातली आपली गादी आणून चिखलात मांडली. गादी बुडाली. राणी पोट धरून डरांव डरांव हसली.

"तुझी नव्हे रे, मातीची गादी," साळुंकी म्हणाली. "गादीवाफा कर. माती ओढ, शेणखत घाल, वाफा हातभर उंच कर. मुळांशी पाणी साचायचं नाही."

राजानं वाफे केले, दोडका लावला. वेल मांडवावर चढला, फुलला, अन् साऱ्या वेलाला एकच दोडका धरला.

राजानं राणीकडे पाहिलं. राणीनं दोडक्याकडे पाहिलं. मग तिनंच तो ताटलीत ठेवून राजाच्या हाती दिला आणि कुंपणाकडे बोट केलं.

जाखोबानं ताटली घेतली. "चूल कोरडी असते हल्ली," एवढंच बोलून दार लावलं. राजा रिकाम्या हातानं परतला.

पण शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही त्या राज्याची रीत. ती मांत्रिकालाही चुकत नाही. जेवणवेळेला ताटली कुंपणावरून परत आली. तीत मूगडाळ घातलेली दोडक्याची भाजी, वाफाळती.

राणीनं घास घेतला, सावकाश गिळला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यालाही त्यानं वाट दिली.

कुंपणापलीकडून जाखोबा म्हणाला, "राजेसाहेब, शाप उतरला. आता पुढची बोलणी तुमची तुम्ही ऐका."