चितळांचा रमणा

एका राजाला चितळांचा फार नाद होता. राजवाड्यामागच्या रानात त्याने तीस-चाळीस चितळं आणून सोडली आणि भोवती सागाच्या खांबांचं कुंपण घालून त्यांच्यासाठी रमणा केला. राखणीला गोंदाजी नावाचा माणूस नेमला. गोंदाजीचं सारं आयुष्य जंगलात गेलेलं. कोणतं जनावर कुठून शिरतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्याच महिन्यात रानडुकरांनी खालची माती उकरून वाट केली. गोंदाजीने बुडाशी दगड गाडून घेतले. मग खांबांच्या फटीतून कोल्हा आत आला. फटी बुजवल्या. एक नीलगाय तर उडी मारून आली आणि चारा खाऊन तशीच निघून गेली. तेव्हा कुंपण दोन पुरुष उंच केलं.

राजा खूश झाला. भर दरबारात त्याने विचारलं, “गोंदाजी, सांग बरं, आता आत कोण येईल?”

गोंदाजीच्या ओठांवर बिबट्याचं नाव आलं होतं. बिबट्या लाकडात नखं रोवून सरसर चढतो. पण राजा हसत होता, सगळा दरबार गोंदाजीकडे कौतुकाने बघत होता.

“कोणी नाही, महाराज,” तो म्हणाला.

त्या दिवसापासून त्याला चैन पडेना. बसला की उठायचा. भाकरी अर्धी टाकून कुंपणाला फेरी मारून यायचा.

“अहो, कुंपण तर झालं. मग सारखे काय फिरताय?” बायकोने, चिमाबाईने विचारलं.

“पाय मोकळे करतोय.”

आठव्या दिवशी एका खांबावर नखांचे ताजे ओरखडे दिसले. तेव्हाही राजाकडे जाता आलं असतं. पण ‘मग दरबारात खोटं बोललास का?’ असं राजाने विचारलं तर? गोंदाजीने इकडेतिकडे पाहिलं आणि ओरखड्यांवर ओला चिखल फासला. त्यानंतर तर पान हललं तरी तो दचकू लागला.

दोन दिवसांनी, ऊन कलत असताना, चितळं एकदम ओरडली. गोंदाजी धावला. बिबट्या आत उतरला होता. कळप एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सैरावैरा पळत होता. एवढ्या उंच कुंपणावरून चितळांना बाहेर पडता येत नव्हतं. गोंदाजीने फाटक सताड उघडलं, तसा कळप रानात पसार झाला. पण एक चितळ बिबट्याने मारलं होतं, आणि तीन चितळं खांबांवर आपटून मेली होती.

गोंदाजी तसाच राजापुढे गेला. त्याने सगळं सांगितलं. चिखलाचंही सांगितलं.

राजा म्हणाला, “कुंपणाला भोक असतं तर मला दिसलं असतं. तुझ्या उत्तरातलं भोक मला कसं दिसणार? काय करायला हवं होतं?”

“खांबांच्या टोकांना बाभळीच्या काटेरी फांद्या बांधायच्या होत्या, महाराज. बाहेरच्या अंगाला झुकलेल्या.”

“किती दिवसांचं काम?”

गोंदाजीची मान खाली गेली.

“चार माणसं लावली असती, तर एका दिवसाचं.”

तात्पर्य: धोका ज्याला दिसतो, त्याने तो तेव्हाच सांगावा; मोठ्यांची खुशी राखायला गिळलेलं सत्य मुक्या जिवांच्या जिवावर उठतं.