पायरवाडीचा बिनबैठकीचा लेफ्टनंट

पायरवाडीला येणारा पाहुणा आधी भैरोबाच्या देवळात जातो आणि चांदीचा लेफ्टनंट शोधू लागतो. तो तिथे नसतो. भिंतीत त्याच्यासाठी कुणा हौशी सरपंचाने कोनाडा करवून घेतला होता, त्यात सध्या पुजाऱ्याचा तेलाचा डबा आहे. लेफ्टनंट गावात कुणाच्या तरी दारात असतो, चौकटीला टेकलेला, तोंड रस्त्याकडे. वीतभर उंची, ऐन पंचविशीतला चेहरा, टोपी किंचित तिरकी, कमरेला पट्टा. फोटोसाठी पाहुणे त्याला मधोमध उभं करायला जातात आणि तो आडवा होतो, कारण त्याच्या बुटांखाली बैठकच नाही. मग त्या घरची बाई हसत हसत त्याला उचलते, परत टेकवते, आणि ही गोष्ट सांगायला बसते.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची गोष्ट. गावातून पलटणीत पुष्कळ जण गेले होते, पण खांद्यावर अधिकाऱ्याचे तारे लागले ते पहिल्यांदा हैबतराव जगदाळ्याच्या. त्याची आई राहीबाई. तिचा नवरा त्याआधीच्या लढाईत बसऱ्याकडे गेला तो परत आलाच नव्हता. इकडची रीत अशी, की घरातलं माणूस गेलं म्हणजे त्याचा चांदीचा छोटा टाक घडवायचा आणि देव्हाऱ्यात तांदळावर बसवायचा. राहीबाईच्या नवऱ्याचा टाक गावचे सोनार नारोशेठ पोतदार यांनी घडवला होता. ताम्हणात तांदूळ, तांदळावर टाक, वरून लाल खण, अशा थाटात त्यांनी तो घरी आणून दिला होता.

हैबतरावाची पलटण ब्रह्मदेशाकडे निघाली, तेव्हा सोबतच्या अधिकाऱ्यांनी त्याच्या घरी भेट पाठवायचं ठरवलं, त्याचाच चांदीचा पुतळा. आमच्या नारोशेठच्या हाताला तोड नाही, असं म्हणे हैबतरावानेच सुचवलं. फोटो आला, चांदी आली. नारोशेठांनी जन्मभर टाकच केले होते, असा उभा माणूस कधी केला नव्हता. तीन महिने ते दुकानातून हलले नाहीत. पुतळा झाला तो असा, की बघणाऱ्याने सलाम करावा. खाली चौकोनी बैठक, तिच्यावर पलटणीचं नाव.

आणि मग जन्माची सवय आडवी आली. नारोशेठांनी ताम्हण घेतलं, तांदूळ पसरले, वर पुतळा ठेवला, लाल खण घातला आणि जगदाळ्यांच्या दारात जाऊन उभे राहिले.

राहीबाई ओट्यावर नाचणी पाखडत होती. तिने ताम्हण पाहिलं, खण पाहिला. सूप तिच्या हातून पडलं नाही, असे सांगतात. तिने ते नीट बाजूला ठेवलं आणि विचारलं, "कवा गेला?"

"कोन?" नारोशेठ म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच कळलं, आणि त्यांनी घाईघाईने खण ओढून काढला.

हैबत खुशाल होता. दोनच दिवसांपूर्वी त्याचं पत्र आलं होतं. नारोशेठांनी हात जोडले, कान धरले, पुतळा कौतुकाचा आहे म्हणून शपथा घेतल्या. पण बाईच्या जिवाला लागलेला घोर काही जाईना. पलटणीची भेट परत कशी करायची? पोराचा चेहरा आटवायचा कसा? आणि ताम्हणातून दारी आलेली चांदी घरात घ्यायची तरी कशी? "जित्या मानसाला मी तांदळावर बसवनार न्हाई," ती म्हणाली. तिने पुतळा पदरात गुंडाळला आणि जी निघाली ती शेजारणीकडे. पलटणीतला माणूस फिरतीवरच असतो, तर त्याने फिरतीवरच राहावं, असं तिने ठरवलं. आठ दिवस या घरी, आठ दिवस त्या घरी. पहिल्यांदा बायका बिचकल्या, दोघींनी तर दारं लावून घेतली. पण ज्यांची पोरं लढाईवर होती त्यांना काही समजवावं लागलं नाही.

मग तार आली. हैबतराव जगदाळे बेपत्ता.

तेव्हापासून राहीबाई एका जागी ठरेना. जेवता जेवता उठायची, निम्मं दळण टाकून वेशीपर्यंत जाऊन यायची. वर्ष झालं. तिचा दीर ज्ञानबा वाईट माणूस नव्हता. त्याला वाटलं, बाई एकदा पोटभर रडेल आणि मोकळी होईल. ती बाजाराला गेलेली पाहून त्याने शेजारून पुतळा आणला, देव्हाऱ्यात तिच्या नवऱ्याच्या टाकाशेजारी तांदळावर ठेवला आणि कुंकू लावलं. ते कुंकू चांदीवर ठरेना, पुन्हापुन्हा गळून पडे, असेही काही जण सांगतात. नारोशेठांनी चांदीला झिलईच तशी दिली होती, असं बाकीचे म्हणतात.

राहीबाई आली. पुतळा उचलला, पदराने त्याचं कपाळ पुसलं आणि डोक्यावरची पाटीही न उतरवता तडक नारोशेठांचं दुकान गाठलं.

"ही बैठक कापा."

"वैनी, पलटनीचं नाव हाय तिच्यावर."

"नाव ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. ह्येला बसाय जागा नको."

नारोशेठांनी करवत घेतली. कापताना त्यांचे डोळे वाहत होते आणि ती समोर उभीच होती. त्या दिवसापासून लेफ्टनंट आपला आपण उभा राहत नाही. बैठक मात्र नारोशेठांनी आटवली नाही, फडक्यात बांधून पेटीत ठेवली.

लढाई संपली. गावची पोरं एकेक करून परतली. राहीबाई प्रत्येकाच्या घरी जाऊन हैबतचं विचारी. हैबत आला नाही. तो मेल्याची खबरही आली नाही. अशी पंधरा वर्षं ती पुतळा घेऊन दारोदार फिरली. शेवटी पायच उचलेनात, तेव्हा भाऊबंद खाटेभोवती जमले. आता तरी पोराला बापाशेजारी जागा दे, म्हणाले. तिने म्हाताऱ्या नारोशेठांना बोलावून घेतलं.

"ती बैठक हाय न्हवं?"

"हाय."

"तिच्यातनं माझा टाक करा. म्या बसते आता. त्येला फिरू द्या."

नारोशेठांनी घडवलेला तो शेवटचा टाक. राहीबाई गेल्यावर तो तिच्या नवऱ्याच्या टाकाशेजारी बसवला. पलटणीचं नाव आटवायला त्यांचा हात धजला नाही, म्हणून त्याची अक्षरं टाकाच्या पाठीवर तशीच आहेत.

आजही दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी लेफ्टनंट घर बदलतो. त्याला फूल नाही, कुंकू नाही, खाली तांदूळ नाही. एक बाई त्याला पदरात गुंडाळून आणते, दुसरी दारात हात पुढे करते आणि घेण्याआधी विचारते, "दमला न्हाई न्हवं?"

"न्हाई," पहिली सांगते, "चालतोय."