देवस्थळींच्या शेजारची खुर्ची

"मग माणसं आणायची तरी कुठून, बाई?" परागने विचारलं.

हेर्लेकरबाई दूध तापवत होत्या. त्यांनी गॅस बंद केला.

कोबोल ही संगणकाची जुनी भाषा शिकवण्यात बाईंचा जन्म गेला. पराग उपळेकर त्यांचा विद्यार्थी. कोबोल अर्ध्यावर सोडून तो नव्या भाषांच्या मागे गेला आणि एका सहकारी बँकेचा संगणकप्रमुख झाला. हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

पण बँक अजून कोबोलवरच चालत होती. जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांची पेन्शनसुद्धा. ते सगळं जाणणारे एकटे देवस्थळी उरले होते, आणि दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते.

"जाहिरात दिलीस?"

"दिली. दांडगा अनुभव हवा, असं स्पष्ट लिहिलं."

"कोण आलं?"

"सगळे नवखे. एकाला तर कोबोल हे औषधाचं नाव वाटत होतं. दारातूनच परत पाठवले."

बाई हसल्या नाहीत.

"देवस्थळींच्या शेजारी कोण बसतं?"

"कोणी नाही." परागची मान ताठ झाली. "मी आल्या आल्या त्यांना वेगळी खोली दिली. आत एकच खुर्ची. कामात व्यत्यय नको म्हणून कुणाला फिरकू देत नाही."

"कुणाला शिकवत नाहीत ते?"

"शिकून करायचंय काय? पुढच्या वर्षी सगळी यंत्रणा बदलायचीच आहे."

"गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास."

"तेव्हाही पुढच्या वर्षीच बदलायची होती."

…

"तुम्हीच या ना, बाई. मागाल तो पगार देतो."

"आणि माझ्यानंतर?"

परागचा आवाज उतरला. "पेन्शन अडकली तर लोकांची औषधं थांबतील. माझ्या मामीची पेन्शन त्यातूनच येते. मला भीती वाटते, बाई."

तेव्हा कुठे बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"जेवून घे," त्या म्हणाल्या.

त्यांनी दहीभात वाढला. कवडीचं दही होतं. परागने भात संपवला, पुन्हा मागितला. वाडग्यात तळाशी चमचाभर दही राहिलं होतं. त्याने हात पुढे केला.

बाईंनी वाडग्यावर तळहात ठेवला.

"एवढंसं तर आहे, बाई."

"म्हणूनच."

त्यांनी दुधाच्या पातेल्याला बोट लावून पाहिलं. दूध कोमट झालं होतं. उरलेलं चमचाभर दही त्यांनी त्यात घातलं, ढवळलं आणि पातेलं झाकून ठेवलं.

पराग झाकणाकडे बघत राहिला…

हात तसाच उष्टा ठेवून त्याने डाव्या हाताने फोन लावला. "देवस्थळींच्या खोलीत अजून एक खुर्ची टाका. हो, आजच. अगदी त्यांच्या शेजारी."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. परागने फोनवर हात ठेवला.

"कुणासाठी म्हणून विचारताहेत, बाई. काय सांगू?"

बाई रिकामा वाडगा विसळत होत्या.

"ज्याला येत नाही त्याच्यासाठी."