रक्तसाक्षीच्या सणाला

वसईच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात कैतान नावाचा सुतार राहत होता. होड्या बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कोळीवाडा ख्रिस्ती होता आणि संत सेबास्तियन त्यांचा पाठीराखा. दर जानेवारीत संताचा सण येई. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना होई, मग बँड लावून मिरवणूक निघे आणि दुपारी चर्चच्या अंगणात संताच्या मरणाचे नाटक होई. त्यात सेबास्तियन होण्याचा मान कैतानचा. अंगाने उंचापुरा, आवाज खणखणीत. रोमच्या बादशहासमोर छाती काढून तो 'मी ख्रिस्ती आहे' असे सांगू लागला, की बायाबापड्यांचे डोळे भरून येत.

एका वर्षी सणाच्या तोंडावर गावातला होड्यांचा मालक जुजेशेठ याच्या माणसांनी मोनीमावशीची वलांडी उपटून टाकली. वलांडी म्हणजे बोंबील सुकवायचे बांबू आणि दोर. मावशी विधवा होती, तिचे पोट त्यावरच चाले. शेठला त्या जागेवर आपली नवी होडी ओढून ठेवायची होती.

मावशीने तक्रार केली, तेव्हा रविवारी मिस्सेनंतर गावकी बसली. जुजेशेठ म्हणाला, "वाऱ्याने पडली असतील. माझ्या माणसांचे नाव कशाला?"

गावकीचे पाटील दुमिंगबाबा कैतानकडे वळले. "तू तिथेच शेठची होडी बांधत होतास. काय पाहिलेस?"

कैतानने सगळे पाहिले होते. पण त्याला वर्षभराचे काम शेठच देत असे. "मी होडीच्या आत होतो, बाबा," तो म्हणाला. "मला काही दिसले नाही."

कैतानच्या शब्दाला गावात वजन होते. मावशीनेच खोटा आळ घेतला, असे सर्वांनी धरले. सण झाला की तिने जागा सोडावी, असा निकाल झाला. मावशी घरी गेली.

सण उजाडला. मिस्सेत फादर म्हणाले, "हुतात्म्याला आपण रक्तसाक्षी म्हणतो. रक्त सगळ्यांना आठवते. पण आधी त्याने साक्ष दिली होती, रक्त नंतर सांडले." कैतानने मान खाली घातली.

दुपारी नाटक रंगले. कैतानला खांबाला बांधले, बोरूचे बाण मारले, लोक रडले. नाटक संपले की गावच्या म्हाताऱ्या बाया संत झालेल्या माणसाला हार घालत आणि संताकडे मागणे मागत. त्या रांगेत मोनीमावशीही होती. कैतान खोटे बोलला, असा तिला संशय नव्हता. तिने अबोलीचा हार त्याच्या गळ्यात घातला, डोळे मिटले आणि ती संताशी बोलू लागली, "सेबास्तियनबाबा, गावात एकाने तरी पाहिले असेल. त्याला बोलायचे बळ दे."

 कैतानचे हात अजून खांबाला बांधलेलेच होते.

"मावशी, हार काढ," तो म्हणाला. "मी पाहिले होते."

 जुजेशेठ पुढच्याच खुर्चीवर होता. तो हळूच म्हणाला, "कैतान, नाटक संपले."

"हो शेठ, संपले. आता खरे सांगतो."

आणि दोर कोणी कापले, बांबू कोणी उपटले, हे त्याने नावानिशी सांगितले. आपण गावकीत खोटे बोललो, हेही सांगितले आणि भर अंगणात मावशीची माफी मागितली. गावकी तिथेच पुन्हा बसली. जागा मावशीकडे राहिली, आणि शेठने वलांडी उभारून द्यावीत असे ठरले.

दुसऱ्या दिवशी शेठने कैतानचे काम बंद केले. बायको म्हणाली, "आता खायचे काय?"

"ते ठाऊक नाही," कैतान म्हणाला. "पण जे मिळेल ते घशाखाली उतरेल."

पुढचे काही महिने ओढाताणीचे गेले. पण झालेली गोष्ट खाडीपलीकडच्या गावांत पोचली होती. तिथला एक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आपली जुनी होडी घेऊन कैतानकडे आला. म्हणाला, "फळी कुजली असेल तर कुजली म्हणून तोंडावर सांगणारा सुतार मला हवा. समुद्रात खोटे तरत नाही." त्याच्यामागून आणखी तांडेल आले. पावसाळ्याच्या तोंडावर कैतानच्या दारात होड्या लावायला जागा उरली नाही.

तात्पर्य: संताच्या सणाला हार घालणे सोपे असते, पण वेळ येईल तेव्हा त्याच्यासारखे निर्भयपणे खरे बोलणे, हीच त्याची खरी आठवण.