बिनमुठीची खुरपी

अवजारं माणसांशी बोलायची त्या काळातली ही गोष्ट. एका बिनमुठीच्या खुरपीचं पातं फार मऊ होतं. मातीत घातलं की वाकायचं, म्हणून तिच्या नशिबी चुलीतली राख उपसणं. बागेतलं चांगलं काम मिळे ते लोहाराच्या भट्टीत तापून, पाण्यात बुडून कणखर झालेल्या पात्यांना. "आता वाकलीस तर भंगारात घालीन," असं मालकिणीने बजावलं, तशी खुरपी भट्टीवर गेली.

दारातच चिमट्याने अडवलं. "शिसवी मूठ कुठाय? त्याशिवाय आत घेत नाही."

"दादा, बागेत कमावल्याशिवाय मूठ कुठली? आणि भट्टीत गेल्याशिवाय बागेत कोण घेतंय?"

"नियम आहे, बाई."

खुरपी हलली नाही, दाराशीच बसून राहिली. तेवढ्यात एक विळा मिरवत आला. चिमट्याने त्याची शिसवी मूठ उपटून बाहेरच्या ढिगावर फेकली आणि नुसतं पातं आत नेलं.

"अहो, मूठ काढलीत?"

"मग! आगीत जळेल की ती."

"मग मागता कशाला?"

आतून ऐरण खो खो हसली. "अरे, खरंच की! जन्मभर घाव सोसले, पण हे कधी सुचलं नाही. घे तिला आत!"

पुढे खुरपी बागेत रुजू झाली आणि पहिल्या कमाईतून तिने साधी बाभळीची मूठ बसवून घेतली. भट्टीबाहेर आता मुठींचा ढीग नसतो. गंजक्या, बिनमुठीच्या पात्यांची लांबच लांब रांग असते, आणि चिमटा प्रत्येकाला एवढंच विचारतो, "तापायची तयारी आहे ना?"